पट्ट्याचं उरलेलं टोक

काळ्या पट्ट्याचं उरलेलं टोक — वीतभर असेल, कापल्यावर कड जाळून बंद केलेली, म्हणून शेवटाला कडक आणि नखाला टोचणारं — दादाच्या बोटांभोवती गुंडाळलं जात होतं, एक वेढा, दुसरा वेढा, आणि मग ती गुंडाळी त्यानं पट्ट्याच्याच खाली दाबून बसवली, वरून चिकटपट्टी मारली, अंगठ्यानं दाबली, पुन्हा दाबली. "हे लोंबत राहिलं ना, की चेनमध्ये जातं," तो म्हणाला. "आणि चेनमध्ये गेलं की मागचं चाक जाम. मग तू कुठे आणि गाडी कुठे!" हे तो तिला सांगत होता. जिची गाडी, जिनं ती इतकी वर्षं चालवली, जी दर थोड्या दिवसांनी खाली बसून त्या चेनला तेल घालते, तिला. आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर काय आनंद होता... नवीन काहीतरी जमू लागलेल्या माणसाचा निखळ, निर्लज्ज आनंद.

हेल्मेट तिनं या काखेतून त्या काखेत घेतलं. पार्किंगमधलं ऊन अजून पहिल्या खांबापर्यंतच आलं होतं आणि त्याच्या अलीकडे, सावलीत, तिची लाल गाडी साइड स्टँडवर कलून उभी होती — पुढे झुकलेली, शेपूट वर काढलेली, मागची सीट म्हणजे नुसती नावाला सीट, दोन तळहात मावतील एवढी. असल्या गाडीवर सामान लादायचं नसतंच मुळी. ती एकट्या माणसानं पळवायला केलेली असते. तिला कॅरियर नाही, दांडा नाही, कडी नाही, जिथे हात लावावा तिथे प्लास्टिक आणि रंग. म्हणून या मऊ बॅगा, एकेक दोन्ही कुशींना आणि एक सीटवर, आणि त्या धरून ठेवायला हे पट्टे — सीटच्या खालून ओढून काढलेले, मागच्या पायटेकणीच्या लोखंडात अडकवलेले, एकमेकांवरून फुलीसारखे नेलेले. हे सगळं दादा आठवडाभर मोबाइलवर बघून शिकला होता. शिकला! ज्या माणसानं या घरात आजवर बल्ब बदलला नाही, गॅस संपला की जो स्वयंपाकघराच्या दारातून "अगं, विझला" एवढंच म्हणून परत खुर्चीत जाऊन बसतो, त्यानं बहिणीला गाडीवर नीट बांधून कसं पाठवायचं याचा अभ्यास केला. काल संध्याकाळी खाली येऊन त्यानं उशा बांधून पाहिल्या म्हणे. उशा! वहिनी सांगत होती, कौतुकानं, "अगं, घामाघूम झाले, पण शेवटी जमवलंच."

जमवलंच. का नाही जमवणार.

रविवारी जेवताना सगळं झालं होतं. झालं म्हणजे काय... दादानं भाताचा घास कालवत, ताटाकडेच बघत म्हटलं होतं की नवी कार येतेय, खाली जागा तर एकच आहे, तर तुझी ती मोटरसायकल... विकून टाकू या का, नाहीतरी तू आता कितीशी चालवतेस. आणि वहिनी, वाढता वाढता, "आणि या वयात ते असं कंबर मोडून बसायचं! मला तर बघूनच कळ येते बाई." या वयात. चव्वेचाळीस. मागच्याच महिन्यात वहिनीनं स्वतःसाठी नाचाचा क्लास लावला तेव्हा वयाचं काही निघालं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती ताटावरून उठली, आणि हात धुताधुता, नळ चालू ठेवून, पाठमोरी, ती म्हणाली — मी म्हणाले, मीच, दुसरं कुणी नाही — "गाडी जाणार असेल तर मीही जाईन. तिच्यावरच बसून जाईन. बदली घेते मी. साहेब दोन वर्षं मागे लागलेच आहेत."

आता या घरात जाण्याची धमकी ही काही नवलाची गोष्ट नव्हती. या घरात प्रत्येक जण कधी ना कधी निघालेला आहे. दादा निघाला होता, कॉलेजात असताना, बाबांशी भांडून, पाठीला पिशवी लावून थेट बसस्टँडवर. तिथून त्याला परत आणायला कोण गेलं होतं? ती. बाकावर त्याच्या शेजारी बसून तिनं त्याला दोन चहा पाजले, एकही शहाणपणाचा शब्द न बोलता, आणि तो उठून मागोमाग आला. वहिनी निघाली होती, लग्नानंतर वर्षाच्या आत, सूटकेस भरून दारात उभी, तिच्या हातातून ती सूटकेस कोणी ओढून घेतली, पलंगावर उलटी केली, आणि साड्यांच्या घड्या पुन्हा कपाटात लावता लावता "जा ना, जा, पण आधी मला सांग, ही निळी मी नेसू का उद्या?" असं विचारून तिला रडता रडता हसवलं कोणी? आई तर बाबा असताना दर उन्हाळ्यात निघायची. आणि आईच्या पायातल्या चपला काढून कोण लपवायचं? निघणाऱ्यानं निघायचं, दुसऱ्यानं अडवायचं, निघणाऱ्यानं आणखी दोन शब्द जास्त बोलायचे, मग रडायचं, मग जेवायचं. असं ठरलेलंच होतं ते; कुणी कधी बोलून ठरवलं नव्हतं, इतकंच. आणि सगळ्या आयुष्यात ती एकदाही निघाली नव्हती. ही पहिली वेळ. पहिली! आणि कोणी म्हटलंच नाही... नळ चालू होता, तिनं तो मुद्दाम हळूहळू बंद केला, म्हणजे मागे कुणी काही बोललं तर ऐकू यावं, आणि मागे फक्त वहिनीचं वाढणं चालू होतं, आणि मग दादाचा आवाज आला, अगदी समजूतदार आवाज, "हं. खरं तर चांगली संधी आहे ती. आम्हीच तुला अडकवून ठेवलंय."

तेव्हापासून ती वाट बघत होती. सोमवारी तिनं ऑफिसात साहेबांना सांगितलं — वजनकाटे बसवणारी, दुरुस्त करणारी कंपनी, दुसऱ्या शहरात नवी शाखा, पाच-सहा तासांचा रस्ता — आणि साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे सही केली. घरी येऊन तिनं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. वहिनीनं गोड काहीतरी केलं. मंगळवारी तिनं कपाट उघडं टाकून कपडे पलंगावर काढले आणि दार सताड उघडं ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून, दादा डोकावला आणि म्हणाला, "या गाडीला मऊ बॅगाच लागतील, कडक पेट्या नाही चालत, मी बघतो." मी बघतो! एक वाक्य हवं होतं, दोन शब्दांचं, तेही कुणाकडूनही — जाऊ नकोस. बस. ती काय लगेच राहिली असती? ती चार गोष्टी ऐकवणार होती, इतक्या वर्षांच्या साचलेल्या, एकेक काढून, आणि मग, मग बघितलं असतं. पण हे लोक ऐकून घ्यायला उभेच राहिनात. पट्टे मागवत होते.

"झालं," दादा म्हणाला आणि मागे सरून बघू लागला.

ती पुढे झाली, वाकली. उजव्या बॅगेचा तळ आणि सायलेन्सर यांच्यामध्ये तिनं हात घातला. हात मावत होता, चांगला मावत होता. "जवळ आहे," ती म्हणाली. "तापला की वितळेल. तासाभरात भोक पडेल."

"चार बोटं अंतर आहे की."

"माझी चार बोटं नाही मावत."

ती खोटं बोलत होती हे तिला माहीत होतं, आणि तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं — आता तरी चिडेल, आता तरी म्हणेल, नसेल जायचं तर राहा ना, उगाच खुसपटं कशाला काढतेस... आणि मग ती म्हणणार होती, हो! नाहीच जायचं मला! पण दादा गुडघ्यावर बसला. पँटला धूळ लागली, त्याची इस्त्रीची पँट, आणि त्यानं शांतपणे बकल उघडलं, पट्टा वरच्या फटीतून काढला, बॅग वर उचलली, "धर जरा", आणि तिनं धरली. आपलीच बॅग आपणच धरून ठेवायची, म्हणजे त्यांना बांधायला सोपं. तिला हसूही आलं आणि त्या हसण्याचाच इतका संताप आला की बॅग तिच्या हातातून जरा निसटली. "घट्ट धर," दादा खालून म्हणाला.

वहिनी जिन्यावरून उतरली. हातात पाण्याची बाटली. "अजून चाललंय का? ऊन चढेल गं. पोहोचेपर्यंत भाजून निघशील." काळजी, काळजी, नुसती काळजी... कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. या आठवड्यात तिनं वहिनीला आईच्या डोळ्यांतले थेंब कसे घालायचे ते दाखवलं होतं: खालची पापणी अशी ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, आई आयत्या वेळी मान हलवते, तेव्हा हनुवटी धरायची. हे जमायला तिला स्वतःला महिने लागले होते. सुरुवातीला निम्मं औषध आईच्या कानात जायचं. वहिनीनं पहिल्याच वेळी घातले, दोन्ही डोळ्यांत, बरोब्बर. "सोपंच आहे की गं!" म्हणाली. आणि आई, जी तिच्या हाताखाली रोज चुळबुळ करायची, हाय-हुय करायची, ती वहिनीच्या हाताखाली गाईसारखी गप्प. हे काय होतं? इतकी वर्षं मग काय नाटक चाललं होतं? की आईलाही... नको. आईचा विचार आत्ता नको.

"डावी जड आहे," ती मोठ्यानं म्हणाली.

"आं?" दादा.

"डावी जड आहे, उजवी हलकी. एका बाजूला ओढणार गाडी. मला हातानं कळतं, माझं कामच आहे ते."

हे मात्र खरं होतं. दोन्ही बॅगा पुन्हा सोडवाव्या लागल्या, आणि त्यांची तोंडं उघडल्यावर वहिनीनं आत पाहिलं आणि तीही आत बघत राहिली. डावीत अवजारांची पेटी, बूट, चार पुस्तकं. उजवीत कपडे, तेही तळाशी बसलेले. आणि वर सगळी पोकळी. मऊ बॅग अशी अर्धी राहिली की ती बसतच नाही. पट्टा ओढावा तेवढी ती आत जाते, आणि पट्टा सैलच. कितीही ओढा. भरलेली असेल तरच पट्टा तिला धरतो. एवढ्या घरात राहून तिला ती भरता आली नव्हती. काय घ्यायचं होतं? मिक्सर तिनं आणलेला, पण तो घराचा. पडदे तिनं शिवून घेतलेले, पण ते खिडक्यांचे. टेबलफॅन आईजवळ लागतो. कपबश्यांचा संच — छे, तो तर आता असा फुटलाय की संच म्हणायचीही सोय नाही. काल ती खोलीतून खोलीत फिरली होती, एखाद्या वस्तूवर हात ठेवून उभी राहायची, आणि हात काढून घ्यायची. सगळ्या घराला हात लावून झाला आणि बॅग अर्धीच.

"थांब, मी आणते काहीतरी भरायला," वहिनी म्हणाली आणि वर गेली, आणि आली ती एक चादर घेऊन, पिशवीत घालून, घट्ट वळकटी केलेली. "ही कोंब. मऊही आहे, वजनही होईल."

"तुमची चादर कशाला मला?"

"असू दे गं. लागेलच तिथे."

जुनं-पानं द्यायला हीच वेळ सापडली. घरातून फाटकं-विटकं बाहेर काढायचंच होतं, ते हिच्याबरोबर गेलं, एका फेरीत दोन कामं! हे तिच्या जिभेवर आलं होतं, अगदी ओठांपर्यंत, पण दादानं वळकटी घेऊन बॅगेत कोंबलीसुद्धा, मूठ मारमारून, आणि बॅगेचं तोंड गुंडाळून मिटलं, आणि बॅग उभी राहिली. टम्म. आता पट्टा धरणार होता.

"मी आईला भेटून येते," ती म्हणाली.

आई गॅलरीतल्या खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर, दुखरा गुडघा शालीखाली. तिथून खालचं पार्किंग दिसत नाही, फक्त फाटक दिसतं. ती जाऊन समोर उभी राहिली. जाकीट घातलेलं, हातमोजे खिशात कोंबलेले, अंगाला घामाचा चिकटपणा. आईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आता, तिला वाटलं. दुसऱ्या कुणाला नाही, पण हिला तरी... चपला लपवल्या होत्या मी तुझ्या, आठवतं? पिठाच्या डब्यात. तू सगळं घर शोधलंस आणि शेवटी अनवाणी दारात बसलीस, आणि मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हटलं, जा आता कशी जातेस ती. तू माझ्या केसांतून हात फिरवत राहिलीस, पिठाचे हात म्हणून माझ्यावर ओरडलीस. आठ वर्षांची होते मी, आई. मला कुणी शिकवलं होतं का?

"हेल्मेटची काच पुसलीस का?" आई म्हणाली.

"पुसली."

"किडे बसतात रस्त्यानं."

"हो."

"मग दिसत नाही."

आणि आईनं फाटकाकडे मान वळवली. बस. एवढंच. शाल गुडघ्यावरून घसरली होती ती तिनं वर ओढली — हात आपोआप गेला, हातालाही लाज नाही — आणि ती जिना उतरली, दोन-दोन पायऱ्या, बूट आपटत, सगळ्या इमारतीला कळू दे म्हणून.

खाली दादाचं सगळं झालं होतं. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. मागचा दिवा? दिसत होता. नंबरप्लेट? मोकळी. इंडिकेटर? पट्ट्याच्या खालून नीट बाहेर. जिथे पट्टा रंगावर घासला असता तिथे त्यानं जुन्या टॉवेलचे तुकडे घातले होते, कात्रीनं सरळ कापून. तिनं हँडल पुरतं डावीकडे वळवून पाहिलं, पुरतं उजवीकडे. कुठे अडत नव्हतं. चूक सापडत नव्हती. एखादी तरी चूक कर ना रे, गाढवा... आयुष्यभर तुझ्या चुका निस्तरल्या, आजच काय झालं तुला?

"आता बघ," दादा म्हणाला. त्यानं सीटवरची बॅग दोन्ही हातांनी धरली आणि गदागदा हलवली. सगळी गाडी हलली, स्टँडवर डोलली, आरसे थरथरले. बॅग जागच्या जागी. "बघितलंस? बॅग नाही हलत, गाडी हलते! असंच पाहिजे. सामान गाडीचंच झालं पाहिजे." आणि तो तिच्याकडे बघून हसला. थोडा दमलेला, कपाळावर काळा डाग, आणि क्षणभर तिला तो बसस्टँडच्या बाकावरचा दिसला, हातात चहाचा ग्लास... आणि ती त्याला म्हणणार होती काहीतरी, तोंड उघडलंही होतं. पण तो म्हणाला, "थोडं अंतर गेलीस की थांब हं. पट्टे बसतात आणि मग सैल पडतात. एकदा ओढून घे. पेट्रोल पंपावर वगैरे. विसरू नकोस."

"नाही विसरत."

"फोन कर."

"करते."

तिनं हेल्मेट घातलं, आणि जग बुजलं. मागून टांग टाकून बसायची सवय, पण आज मागे बॅगांचा डोंगर, पाय वरून जाईना. शेवटी गुडघा दुमडून, टाकीवरून, लंगडत तिला आत शिरावं लागलं, आणि वहिनीनं चटकन पुढे होऊन तिचा बूट धरून पलीकडे नेला. हेही. हेही त्यांनी करून दिलं. तिनं गाडी चालू केली आणि गरजेपेक्षा जास्त मोठ्यानं रेस केली. फाटकातून बाहेर पडताना तिनं आरशात पाहिलं. त्या आरशात बहुतेक स्वतःची कोपरंच दिसतात, पण कोपराच्या कडेला पार्किंगचा तुकडा दिसला आणि त्यात दादा: रिकाम्या जागेत वाकलेला. जमिनीवरचे टॉवेलचे तुकडे उचलत होता, की जागेची लांबी-रुंदी बघत होता, ते कळायच्या आत रस्ता वळला. गॅलरीकडे तिनं पाहिलं नाही.

मग शहर संपेपर्यंत ती भांडत होती. हेल्मेटच्या आत, मोठ्यानं, काचेवर वाफ धरेपर्यंत. दादाला, वहिनीला, पुन्हा दादाला; आईची पाळी आली की शब्द सापडेनात, मग आधीचंच पुन्हा. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं तिच्याकडे चमकून पाहिलं. बघ! ती आतून ओरडली, तूही बघ! पुढे झुकलेल्या अंगाचा सगळा भार मनगटांवर येत होता, आणि पाठीला, कमरेच्या जरा वर, सीटवरची बॅग टेकलेली होती. घट्ट, न हलता, कुणीतरी पाठीला हात लावून पुढे सारत असल्यासारखी. वळणावर ती झुकली की तीही झुकत होती, एका अंगानं. बांधणी उत्तम होती. उत्तम!

पेट्रोल पंप शहराबाहेर होता, मोकळ्यावर. टाकी भरून झाल्यावर तिनं गाडी कडेला, हवा भरायच्या यंत्राजवळ लावली, हातमोजे काढले, आणि पट्ट्यात बोट घातलं.

बोट जाईना.

दुसऱ्या पट्ट्यात. तिथेही नाही. खालचे, पायटेकणीकडचे... तारेसारखे ताठ. काहीही सैल पडलेलं नव्हतं. ओढायला काही उरलंच नव्हतं. ती बकल धरून उभी राहिली आणि मग जो राग आला तो पार तळातून आला. इतकं घट्ट कोण बांधतं? इतकं घट्ट एक तर तो बांधतो ज्याला माणूस धडपणे पोहोचायला हवा असतो, नाही तर तो, ज्याला वाटेत काही गळून परत यायला नको असतं. कुठलं ते? कुठलं रे? तुझ्या तोंडाला काय झालं होतं, पट्ट्यांनी कसलं सांगतोस मला! तिनं बकल उघडलं. एक, मग दुसरं, मग सगळी. चिकटपट्ट्या नखांनी ओरबाडून काढल्या, गुंडाळ्या सुटल्या, सगळे पट्टे जमिनीला लोंबू लागले. उजव्या बॅगेचं तोंड तिनं उलगडलं आणि ती वळकटी ओढून बाहेर काढली. हे तुमचं फाटकं तुम्हालाच राहू दे, पंपावरच टाकते, पुसा म्हणावं गाड्या.

पिशवी फाटली आणि चादर अर्धी उलगडली. पांढरी, काठाला बारीक निळी वेल. ती ओळखीची होती. कपाटाच्या वरच्या फळीवरची, कागदात ठेवलेली, पाहुणे आले की काढायची आणि ते गेले की धुऊन पुन्हा ठेवायची. घरातल्या कुणी तिच्यावर कधी अंग टाकलेलं नव्हतं. एकदा तापात तिनं मागितली होती, गारवा हवा म्हणून, तर वहिनी म्हणाली होती, "अगं, ती पाहुण्यांची."

ती चादर हातात धरून उभी राहिली. म्हणजे हे काय होतं? घरातलं सगळ्यात चांगलं दिलं? की आता तू पाहुणी, म्हणून ही तुझी? वहिनीला विचारलं तर तिलाही सांगता येणार नाही; ती आपली म्हणेल, "अगं, हाताला लागली ती आणली." आणि तेही खोटं, वरच्या फळीवरचं कधी हाताला लागत नाही, स्टूल घ्यावं लागतं. वहिनी स्टूल घेऊन चढली होती. दादा गुडघ्यावर बसला होता. आई फाटकाकडे बघत बसली होती, फाटकच तर दिसतं तिथून... आणि मग तिला एकदम, उन्हात, पेट्रोलच्या वासात, दिसलं की या घरात अडवता येत होतं ते फक्त एकाच माणसाला. दादाला कुणाला अडवता येत नाही. त्यानं कधी अडवलंच नाही कुणाला, त्याला फक्त परत आणलेलं आहे. वहिनीला येत नाही, आईला येत नाही. त्यांना निघता येतं. अडवायचं काम माझं होतं. आणि मीच निघाले.

मग काय, तेही मीच शिकवायला हवं होतं? डोळ्यांतल्या थेंबांसारखं? खालची पापणी अशी ओढायची, हनुवटी अशी धरायची, आणि म्हणायचं, जाऊ नकोस? राग पुन्हा उसळला, तसाच, पण आता त्याला समोर कुणाचा चेहरा लावावा ते तिला समजेना, आणि राग नुसताच, बिनचेहऱ्याचा, छातीत धडधडत राहिला.

तिनं चादर घडी केली, नीट, काठाला काठ लावून, आणि बॅगेत घातली. नाहीतर उजवी हलकी झाली असती. मग ती खाली बसली आणि बांधू लागली. दादाची फुली तिला आठवत होती, पण तिनं ती केली नाही. आपल्याला सुचेल तसं नेलं, दोन पट्टे सरळ, एक आडवा, टोकं पट्ट्यातच दोनदा अडकवून, चेनपासून लांब. हात दुखेपर्यंत ओढले. शेवटी उभी राहून तिनं बॅग हलवली. गाडी हलली, आणि बॅगही हलली, किंचित. पुन्हा सोडून बांधावं का? नको. असू दे.

पंपावरून रस्त्याला लागल्यावर पहिल्या लांब वळणावर तिला ते जाणवलं: ती झुकली, आणि मागचा भार क्षणभर उशिरा झुकला. ती वेग कमी करून ऐकत राहिली. पुढच्या वळणावर तसंच. त्याच वेळी जाकिटाच्या आतल्या खिशात फोन थरथरू लागला, बरगडीला लागून, थांबला, पुन्हा सुरू झाला. घरचाच असणार. दुसरं कोण? पट्टे ओढलेस का, असेल. पाणी प्यायलीस का, असेल. किंवा वहिनीनं फोन आईच्या हातात दिला असेल आणि आई, धाप टाकत, रस्त्याचा आवाज ऐकत, आता म्हणणार असेल...

गाडी बाजूला घ्यायला जागा होती, चांगली रुंद. तिचा हात ब्रेकवर गेला. आणि तिला भीती वाटली. ते म्हणणार नाहीत याची नाही. म्हणतील, याची. आता, इतकं सगळं सोडून-बांधून झाल्यावर, कुणी म्हणालं ये परत, तर तिला जावं लागेल, ती जाईलच, ती स्वतःला ओळखून होती. नका म्हणू, ती हेल्मेटमध्ये म्हणाली, आता नका म्हणू, मेल्यांनो, आठवडाभर कुठे होतात! तिच्या गालांवरून काहीतरी ओघळलं आणि काचेच्या आत ते पुसायला हात नेता येईना. ब्रेकवरचा हात ब्रेकवरच होता, दाबलेला नाही, काढलेलाही नाही. फोन बरगडीशी थरथरतच होता, आणि समोर पुढचं वळण आलं होतं, आणि ती झुकली.